पसंतीवर नेलेलं घड्याळ

त्या घड्याळाचा विषय निघाला की माझं डोकं अजूनही फिरतं. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले. ते सगळे आता एकमेकांत मिसळून गेलेत. हे प्रकरण मात्र जसंच्या तसं लक्षात आहे, कारण बाकीच्या वेळी निदान एवढं तरी कळायचं की गुन्हा झालाय. इथं ते शेवटपर्यंत कळेना.

निझामी जाऊन काही वर्षं झाली होती. सोलापूर-हैदराबाद रस्त्यालगतचं एक ठाणं माझ्याकडं होतं. फौजदार म्हणायची सवय अजून सगळ्यांना लागली नव्हती, म्हातारी माणसं ‘अमीनसाब’च म्हणायची. माझा हवालदार जुन्या अमलातला. तपासाला तो तफ्तीश म्हणायचा, आणि ठाण्याची पायरी चढणाऱ्या प्रत्येकाला मुल्जिम, म्हणजे आरोपी, मग तो बिचारा फिर्याद द्यायला आलेला का असेना. माणूस इमानी होता, पण त्याच्या हाताला चैन नसायची. त्याला आवरण्यात माझा अर्धा दिवस जायचा.

आधी घड्याळाचं सांगतो, नाहीतर पुढचं काही लागायचं नाही. माझं स्वतःचं मनगटी घड्याळ त्या वर्षात दोनदा मेलं होतं. एकदा बोरी नदी ओलांडताना आणि एकदा नुसत्या घामानं. गस्तीत वेळ बघायची तर काडी ओढावी लागे, आणि काडी ओढली की चोराला आमचा ठावठिकाणा कळे. तेव्हा रोज हातात घालता येईल, अंधारात दिसेल, पाण्याला आणि आपटण्याला दाद देणार नाही, असं घड्याळ मी शोधत होतो. नळदुर्गच्या बाजारात एक घड्याळजी होता, त्याच्याकडं तसं एक आलं. मुंबईच्या गोदीतून फिरत फिरत आलेलं, समुद्रात बुड्या मारणाऱ्यांसाठी बनवलेलं. त्या पठ्ठ्यानं दुकानाच्या खिडकीत काचेचा पेला ठेवला होता, पाण्यानं भरलेला, आणि पेल्यात ते घड्याळ. आत बुडालेलं आणि चालू. बाजारच्या दिवशी त्या पेल्यापुढं ही गर्दी जमायची. लोक देवळात वाकावं तसे वाकून बघायचे.

मीही वाकलो. घड्याळजीनं मला मागच्या अंधाऱ्या खोलीत नेऊन आकडे दाखवले. रेडियमचे होते, हिरवे, चांगले ठळक. मागचं झाकण आट्यांचं, बाहेरून एक कडं फिरणारं.

“हे कडं कशाला?” मी विचारलं.

“खाली गेल्यावर किती वेळ झाला ते कळाया. कड्याची खूण मिनिटकाट्याशी लावायची अन् बुडी मारायची. दम संपायच्या आत वर यायचं असतंय न्हवं.”

“रोज वापरायला जड नाही का पण?”

“साहेब, हलकं घ्या, नाजूक निघंल. दणकट घ्या, वजन सोसावं लागंल. दोनी गोष्टी एकात घालून देणारा अजून जन्मला न्हाई. असं करा, पसंतीवर न्या. चार दिस वापरा, मग सांगा.”

पसंतीवर नेणं ही तिकडची रीतच होती. लुगडी, भांडी, दागिने, सगळं विश्वासावर घरी जायचं, घरच्यांच्या नजरेखालून निघायचं, पटलं तर राहायचं. पण पोलिसानं पसंतीवर नेलेली वस्तू परत येत नाही, असा लोकांचा समज. तो आपण आणखी पक्का करू नये म्हणून मी ‘बघू’ म्हणालो आणि निघालो. पुढच्या खेपेला पेला रिकामा होता. घड्याळ एका लग्नाला पसंतीवर गेलं होतं.

आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत त्या लग्नातला वधूपिता माझ्यापुढं येऊन उभा राहिला. जवळच्याच खेड्यातला किराणा दुकानदार. गावाबाहेर मळा, मळ्यात घर आणि विहीर. लग्न मळ्यातच झालं होतं. त्याचा चेहरा असा उतरला होता की हवालदारानंसुद्धा त्याला मुल्जिम म्हटलं नाही.

“घड्याळ चोरीला गेलं साहेब,” तो म्हणाला. “जावायाला द्यायचं म्हणून पसंतीवर आणलं व्हतं. लग्नाच्या गडबडीत गायब झालं. आता व्याही म्हणतोय, दावलं अन् काढून घेतलं. वरात पोरीला न घेताच गेली. म्हणतोय, घड्याळ ईल त्या दिवशी मूळ ईल.”

मूळ म्हणजे मुलीला सासरी न्यायला येणारं माणूस. ते येत नाही तोवर मुलगी माहेरीच बसणार. गळ्यात मंगळसूत्र, हातावर हळद, आणि उंबऱ्याबाहेर यायची चोरी. महिनाभर असं गेलं की गाव बोलायला लागतं, दोन महिने गेले की मुलीतच काहीतरी खोट ठरते. घड्याळजीचं मी एकवेळ समजावलं असतं. खरा प्रश्न त्या मुलीचा होता, आणि तो माझ्या कुठल्याच कलमात बसत नव्हता. मी फिर्याद लिहून घेतली.

तपास सुरू केला आणि तिथून गोंधळाला सुरुवात झाली. रस्त्यावरच्या एका ढाबेवाल्याकडून मला अधूनमधून खबर मिळायची. तो म्हणाला, त्या लग्नातला सनईवाला परवा ट्रकवाल्यांत बसून मनगट मिरवत होता. हवालदार ऐकता ऐकताच उठला आणि सनईवाल्याला घेऊन आला. त्याच्या हातात खरोखर घड्याळ. पंचांपुढं ते काढलं, फिर्यादीला दाखवलं. वधूपित्यानं एकदाच पाहिलं आणि म्हणाला, “हेच ते.”

ते ते नव्हतं. त्या घड्याळाला काटेच नव्हते.

“शोभंसाठी घालतोय साहेब,” सनईवाला रडवेला झाला होता. “लग्नात वाजवताना हात वर जातोय, बरं दिसतंय. येळ काय करायची मला? जोशीबुवा हात करत्यात, म्या वाजवतो.”

मी वधूपित्याला बाजूला घेतलं. म्हटलं, अहो, ज्याला काटे नाहीत ते तुमचं कसं? तो डोळे पुसत राहिला. हरवलेल्या वस्तूची ओळख पटवताना माणूस वस्तूकडं बघतच नाही, हे मी पुढं अनेकदा पाहिलं. त्याला सुटका हवी असते, आणि समोर येईल त्यात तो ती बघतो. मी नेमकं ते घड्याळ आधी हाताळलं होतं म्हणून निभावलं, नाहीतर त्या दिवशी सनईवाल्याचा सनईशी संबंध संपलाच होता. लग्नघरात चोर म्हणून एकदा नाव लागलं की पुन्हा कोण बोलावतंय?

सनईवाल्याला चहा पाजला. जाता जाता तो एवढंच म्हणाला, की अक्षता पडल्यावर लोक जेवणाकडं पळाले, पण जोशीबुवांनी स्वतः उभं राहून मुहूर्त मोजायच्या घटिकेचं पाणी विहिरीत ओतायला लावलं. इतकी घाई त्यांनी कधी केली नव्हती, सगळ्या लग्नांत ते जेवूनच उठतात. मी ते ऐकलं आणि सोडून दिलं. मला घड्याळ शोधायचं होतं, पाणी नाही.

मग नवरदेवाच्या गावाला गेलो. व्याही ओसरीवर बसला होता. त्यानं मला पाणी दिलं आणि आपली बाजू सांगायला सुरुवात केली. आम्ही मागितलं नव्हतं, त्यांनीच कबूल केलं, मग दाखवून काढून का घेतलं, चार माणसांत आमची शोभा झाली. माणूस दुष्ट नव्हता. एकदा चारचौघांत बोलून बसलेला होता आणि आता शब्द मागं घ्यायला जागा शोधत होता. असली माणसं दुष्टांपेक्षा जास्त त्रास देतात.

मुलगा खांबाला टेकून उभा. काळासावळा, दंडाला दगडाच्या कपच्या लागून उठलेले व्रण. त्याचं काम विहिरी खोल करण्याचं. खडकात भोकं पाडायची, सुरुंग ठासायचे, बत्ती द्यायची आणि वर यायचं.

“तुला असलं घड्याळ कशाला पाहिजे?” मी विचारलं. खरं सांगतो, मला वाटलं होतं, नवरदेवाचा रुसवा असेल.

“बत्ती दिल्यावर किती येळ हाय ते कळाया,” तो म्हणाला. “आमी तोंडानं मोजतो साहेब. घाबरं झालं की मोजणं पळतंय. माझ्या उस्तादाचं पळालं. खाली अंधार, पायात पाणी, वरून धूळ. साधं घड्याळ दोन दिवसांत बंद पडतंय.”

“मग ते पाहिलंस का लग्नात?”

“हातात घेतलं. ते कडं फिरवून बघितलं.” तो बापाकडं बघून थांबला. मग म्हणाला, “पाण्यात टाकून बघा म्हणून आत निरोप धाडला. पसंतीवर आणलंय तर बघून घ्याया नको?”

“गप,” बाप म्हणाला.

निरोप आणि घड्याळ घेऊन गेली ती नवरदेवाची बहीण, लग्नातली करवली. तिला विचारलं तर म्हणे, आत गौरीहरापाशी दिलं, कुणाच्या हातात ते ध्यानात नाही, लई बायका होत्या. परत मळ्यात आलो. मुलीच्या आईनं सांगितलं, घड्याळ आत आलंच नाही. मामानं सांगितलं, आलं होतं पण जोशीबुवांना दाखवायला नेलं असेल. एका मावशीनं तर शपथेवर सांगितलं की नवरदेवानं ते हातात बांधूनच अक्षता घेतल्या, तिनं डोळ्यांनी बघितलं. एवढे जबाब झाले आणि एकाचा दुसऱ्याला मेळ नाही. आम्हाला शिकवलेलं असतं की जबाब जुळत नाहीत म्हणजे कुणीतरी खोटं बोलतंय. इथं सगळे खरंच बोलत होते असं वाटत होतं आणि तरी काही जुळत नव्हतं. घरी आलो की बायको विचारायची, आज काय लागलं? मी म्हणायचो, डोकं दुखायला लागलं.

राहिले जोशीबुवा. आसपासच्या गावांची लग्नं लावणारे, वय झालेलं, नजर मंद पण कान तिखट. त्यांची ख्याती घटिकेसाठी. ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. तांब्याची लहान वाटी, तिच्या बुडाला सुईएवढं भोक. आत गौरीहरापाशी मोठ्या घंगाळात पाणी घेऊन त्यावर ती तरंगत सोडायची. ती भरत भरत जाते आणि बुडते. बुडाली की एक घटिका झाली. असं मोजत मोजत मुहूर्त गाठायचा. तोवर त्या घंगाळाची देवासारखी पूजा. हळद, कुंकू, अक्षता, सगळं त्यातच. घरात कितीही घड्याळं असोत, बुवांची वाटी बुडाल्याशिवाय त्या भागात अंतरपाट हलायचा नाही.

मी विचारलं, “बुवा, लग्नात घड्याळ पाहिलंत का?”

“मुहूर्त शुद्ध होता,” बुवा म्हणाले.

“मुहूर्ताचं विचारत नाही. घड्याळ पाहिलंत का?”

“घटिका भरली, बुडाली, मगच अक्षता पडल्या. लग्न यथाविधी लागलेलं आहे.”

“लागलं नाही असं कोण म्हणतंय?”

“कोणी म्हणू नये,” ते म्हणाले आणि पंचांग उघडून बसले.

मला त्या म्हाताऱ्याचा असा राग आला की सांगता सोय नाही. वयाचा मान ठेवायचा म्हणून उठलो. सायकलवर बसल्यावर मात्र एक गोष्ट खटकायला लागली. न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर जो माणूस देतो, तो त्याच प्रश्नाची वाट बघत बसलेला असतो. पण लग्न शुद्ध की अशुद्ध याचा घड्याळाशी संबंध काय? मी वाटभर विचार केला. काही उमगेना.

वाट वाकडी करून नळदुर्गला घड्याळजीकडं गेलो. हरवल्या मालाचं वर्णन नीट लिहून घ्यावं, एवढाच हेतू. तो सांगत गेला, तबकडी काळी, आकडे हिरवे, कडं फिरतं. मग त्यानं खणातून एक जाड कापडी पट्टा काढून माझ्यापुढं टाकला.

“हा त्याचा मूळचा. लग्नात असला बरा दिसंना, म्हणून म्या नवा चढिवला. कोरा, चामड्याचा, बदामी रंगाचा.”

तो कापडी पट्टा मी बराच वेळ हातात धरून बसलो. घड्याळजीला वाटलं मला उन्हाचा त्रास झालाय, त्यानं पाणी मागवलं. पाण्यात टाकून बघा, हा निरोप. आत गौरीहराच्या खोलीत हाताशी पाणी कुठलं? घटिकेचं. आणि घटिकेत चामडं.

पट्टा मागून घेऊन खिशात टाकला आणि तसाच बुवांकडं परत गेलो. यावेळी घड्याळाचं नावच काढलं नाही.

“बुवा, घटिकेत चामडं पडलं तर काय होतं?”

बुवा उठले. त्यांनी दार लोटलं आणि भिंतीला टेकून खाली बसले.

“हे तुम्हाला कुणी सांगितलं?”

“कुणी नाही. मीच लावलं.”

“मग सोडून द्या,” ते म्हणाले. “अक्षता पडल्यावर मी वाटी उचलली, तर खाली ते. हळदकुंकवाच्या पाण्यात पडून पट्टा लालपिवळा झालेला. शास्त्रात याला उपाय आहे, मी माझ्यापुरतं प्रायश्चित्त घेतलं. पण लोक शास्त्र ऐकतात का? लोक निमित्त ऐकतात. घटिका विटाळली असं एकदा कुणाच्या तोंडून निघालं असतं तर त्या पोरीचं लग्न लागलंच नाही म्हणायला गाव मोकळं. म्हणून पाण्यासकट ते विहिरीत जाऊ दिलं. म्हटलं, एक घड्याळ गेलं तर गेलं.”

“आणि त्या घड्याळापायीच तिला नेलं नाही हे तुम्हाला कळलं नाही?”

“कळलं,” बुवा म्हणाले. “तेव्हापासून मला घास जात नाही. सांगावं तरी मोडतं, न सांगावं तरी मोडतं. अहो, तुम्हीच सांगा, मी काय करायला हवं होतं?”

मी सायकल काढली आणि थेट मळ्यात गेलो.

मुलीचा जबाब तोवर कोणी घेतलाच नव्हता, कारण आतल्या खोलीचा प्रत्येक प्रश्न तिची आईच वरच्यावर झेलायची. मी आईला चहाला पाठवलं. दाराच्या चौकटीत उभी राहून मुलगी खाली मान घालून म्हणाली,

“निरोप आला, म्या टाकलं.”

“घटिकेत?”

“दुसरं पाणी कुठं व्हतं? बघत बसले. वाटी खाली यायली, घड्याळ चालूच. ते विहिरीत उतरत्यात, त्यांना चालंल का एवढंच बघायचं व्हतं. मग मामा आला अन् मला मांडवात घेऊन गेला. पट्ट्याचं ध्यानातच आलं न्हाई. नंतर ध्यानात आलं.” ती थांबली. “साहेब, हे बाहीर कळलं तर मला न्हेतील का?”

मी ठाण्याच्या आवाजात ‘बघू’ म्हणालो. दुसरं काय म्हणणार? कायद्यानं बघितलं तर चोरी नाही, अपहार नाही, गुन्हाच नाही. खरं सांगितलं तर मुलगी माहेरी राहते, खोटं लिहिलं तर मी फौजदार कसला? पोलिसाला एक सवलत मात्र असते, खबर कुणी दिली हे त्याला सांगावं लागत नाही. दुसऱ्या दिवशी दोन्हीकडच्या मंडळींना मळ्यात बोलावलं, पंच उभे केले आणि जाहीर केलं, की घड्याळ विहिरीत आहे अशी खबर आहे.

“इहिरीत कसं गेलं?” व्याह्यानं विचारलं.

“गडबडीत जातं. आता काढायचं कसं ते बोला.”

वैशाखातली विहीर, कमरेइतकं पाणी, खाली गाळ. मळ्यातले गडी एकमेकांकडं बघायला लागले. तेवढ्यात नवरदेवानं पैरण उतरवली.

“हळदीच्या अंगानं इहिरीत उतरत न्हाईत,” त्याचा बाप ओरडला.

“माझा धंदाच त्यो हाय,” मुलगा म्हणाला, आणि दोर धरून उतरलाही.

तो खाली गेला आणि मला एकदम आठवलं. पट्टा. इतका विचार केला आणि तेवढंच राहिलं. कोऱ्या चामड्यानं हळदकुंकू पिऊन घेतलेलं, विहिरीच्या पाण्यानं ते कितीसं धुतलं जाणार? लालपिवळा पट्टा वर आला की तो कुठल्या पाण्यात पडला होता हे तिथल्या शेंबड्या पोरालाही कळलं असतं. काठावर दोन्हीकडचे नातेवाईक, दोन पंच, आणि मी स्वतःच त्यांना बोलावलेलं. बुवा माझ्या शेजारी उभे होते. त्यांच्याही लक्षात आलं असावं, त्यांनी डोळे मिटले होते. मुलगी लांब, घराच्या दारात. तिथून तिला विहिरीचा काठ तेवढा दिसत असणार.

खालून पाणी ढवळल्याचा आवाज येत राहिला. मग तो एकदम थांबला. “दिसतंय,” तो खालून म्हणाला. “गाळात हिरवं दिसतंय.” त्यानंतर बराच वेळ काहीच आवाज नाही. बापानं दोनदा हाक मारली, तेव्हा कुठं दोर हलला.

तो वर आला. मुठीत घड्याळ होतं. नुसतं घड्याळ.

“पट्टा कुठाय?” मी विचारलं. विचारावंच लागलं, पंच बघत होते.

“पट्टा नव्हता,” तो म्हणाला.

चिकटलेला चिखल त्यानं अंगठ्यानं पुसला. काचेत पाण्याचा थेंब नव्हता. चावी दिली, कानाला लावलं, मग बापाच्या कानाला लावलं. म्हातारा ऐकत राहिला आणि त्याच्या तोंडावर हसू फुटायला लागलं, ते त्याला आवरेना. मी खिशातून घड्याळजीचा कापडी पट्टा काढून मुलाच्या हातात ठेवला. त्यानं त्या पट्ट्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं पाहिलं, आणि तो घड्याळाला ओवला.

“घड्याळ आलं,” तो बापाला म्हणाला. “आलं की मूळ धाडतो म्हणालता न्हवं? आता म्याच आलोय मूळ म्हणून.”

व्याह्याला हवी होती ती जागा मिळाली. “मग बघत काय बसलास, गाडी जुंप,” असं तो आपल्याच मुलावर खेकसला. मुलगी ओल्या डोळ्यांनी गाडीत बसली. तिची आई रडत होती आणि रडता रडता मला जेवायचा आग्रह करत होती. बुवा त्या दिवशी माझ्या पंक्तीला बसून पोटभर जेवले. सनईवाल्याला मुद्दाम बोलावलं होतं, त्यानं जाणाऱ्या गाडीमागं वेशीपर्यंत वाजवलं. बिनकाट्याचं घड्याळ त्याच्या हातात होतंच.

पंचनाम्यात मी लिहिलं, घड्याळ एक, चालू, विनापट्टा. गैरसमजातून फिर्याद झाली, असा अहवाल देऊन कागद मिटवला. हवालदार कितीतरी दिवस विचारत होता, साहेब, पण मुल्जिम कोण? मी सांगायचो, तूच शोध.

या प्रकरणानं काय शिकवलं असं कोणी विचारलं तर मला नीट सांगता येत नाही. चार माणसं एक गोष्ट लपवतात तेव्हा त्यामागं पाप असतं, असं धरून आम्ही तपासाला लागतो. इथं ज्यानं त्यानं त्या मुलीसाठीच लपवलं, आणि त्यातच ती बुडायची वेळ आली. मग खरं सांगणं भलं म्हणावं, तर शेवटी तिला तारलं तेही एका खोट्यानंच. मी पुष्कळदा हे मनात मांडून बघतो, आणि दरवेळी हिशेब वेगळाच येतो.

मी पुढं साधंच घड्याळ घेतलं. दणकट घड्याळ ज्याला लागतं त्याला मी पाहिलं होतं, आणि त्यामानानं माझी गस्त काहीच नव्हती. काही वर्षांनी तुळजापूरच्या रस्त्यावर तो मुलगा भेटला. बायको बरोबर होती, कडेवर मूल. मनगटावर तेच घड्याळ, काच ओरखड्यांनी भरलेली, कापडी पट्टा तेलकट झालेला. रोज वापरतोस का, विचारलं. म्हणाला, “रोज. ही चावी देती, मग म्या कामावर जातो.” ती हसली आणि पदर सावरत दुसरीकडं बघायला लागली.

माझी बदली झालेली, प्रकरण केव्हाच मिटलेलं. मला राहवलं नाही. त्याला जरा बाजूला घेऊन म्हटलं, आता तरी सांग. तुला आधीपासून ठाऊक होतं, की खाली गाळात उभा राहिल्यावर कळलं? तो पट्टा तू काढून टाकलास ना?

त्यानं माझ्याकडं सरळ पाहिलं.

“कुठला पट्टा, साहेब?” तो म्हणाला.